शाफ्टची गाडी

"वहिनी, ह्याला सांगा, चहा घेऊन माझ्यासमोर बसू नकोस म्हणावं," बापू हेरवाडे म्हणाले.

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात, काझातल्या आमच्या मुक्कामाच्या घराचं अंगण होतं. ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरलं होतं. बापू त्यांच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. हातात जुना टूथब्रश, शेजारी रॉकेलची बाटली, मांडीवर फडकं. चाक हळूहळू फिरवत ते चेनची एकेक कडी घासत होते. समोर पायरीवर माझे यजमान, यशवंत इंगवले, दोन्ही तळव्यांत चहाचा पेला धरून बसले होते आणि बापूंच्या हातांकडे एकटक बघत होते.

"मी कुठं काय म्हणालो?" हे म्हणाले.

"तेच तर. काही न बोलता बघतोस. रोज सकाळी."

"मग काय करू? माझ्या गाडीला घासायचं काही नाहीच."

"नसणारच. हँडलला हीटर लावलेली गाडी तुझी. पुढच्या वर्षी पाय चेपायलाही काहीतरी बसवून घे."

हे हसले. "बापू, चेन म्हणजे उघड्यावरचा संसार. धूळ बसते, पाणी लागतं, दर मुक्कामाला तेल पाजायचं, सैल पडली की ताणायची. माझ्या गाडीत चेनच्या जागी दांडा आहे, शाफ्ट. दांड्याच्या टोकाला क्राऊन-पिनियनचे गिअर, सगळं बंद पेटीत, तेलात बुडालेलं. वर्षातनं एकदा तेल बदललं की विषय संपला."

"आणि ती पेटी बिघडली तर? इथं काझात कोण उघडणार? चेन तुटली तर ट्रॅक्टर दुरुस्त करणारासुद्धा जोडून देतो. शिवाय निम्मी ताकद तुझ्या दांड्यातच जिरते, आणि गाडी म्हशीएवढी जड."

"म्हैस बसली तरी दूध देते."

"तू चहा पी," बापू म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, दोन मित्र गंमत करताहेत. पण ती गंमत नव्हती. निदान बापूंच्या बाजूनं तरी नव्हती, आणि हे मला कोल्हापूर सोडल्यापासून जाणवत होतं.

आमचा कोल्हापुरात उद्यमनगरात गिअर कापायचा कारखाना. बापू शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. तरुणपणी दोघांनी एकाच वेळी एकसारख्या, धडधड आवाज करणाऱ्या मोटरसायकली घेतल्या आणि तेव्हापासून साखरेचा हंगाम संपला की दोघं कुठं ना कुठं लांब निघायचे. कधी गोकर्ण, कधी हंपी, एकदा तर थेट द्वारका. मुलं मोठी झाल्यावर मीही यांच्या मागं बसून जाऊ लागले. बापूंच्या पत्नी, पद्मावतीवहिनी, गुडघ्यांमुळं यायच्या नाहीत, पण शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्यांचाच असायचा.

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या कारखान्यासमोर स्टँडवर लागायच्या. हे दोन्ही गाड्यांच्या चेनी साफ करायचे, ताण बघायचे, तेल सोडायचे. बापू उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. इतक्या वर्षांत बापूंनी चेनला बोट लावलं नव्हतं, आणि यांनी कधी लावू दिलं नव्हतं. यांचे हात म्हणजे उद्यमनगरात नावाजलेले. गिअरच्या दातावरून बोट फिरवून कुठं बारीक राहिलं ते सांगायचे.

मग त्या सफरीच्या आधी साधारण दीड वर्ष, यांनी एकाएकी जुनी गाडी विकली. मलासुद्धा विकल्यावर सांगितलं. काही दिवसांनी बंगळुरूहून ट्रकनं एक परदेशी बनावटीची मोठी, वापरलेली गाडी आली. चेन नसलेली, शाफ्टची. ज्या माणसानं आयुष्यभर चेनची बाजू घेऊन वाद घातले, त्याच्या दारात ही गाडी. बापूंना ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मग आता रविवारी?"

"रविवारी काय? हिला काही लागत नाही," हे म्हणाले.

"आणि माझ्या गाडीला?"

"तुझी तू कर की. शिक आता."

मी चहा घेऊन दारात उभी होते. यांचा तो कोरडा स्वर मला ओळखू आला नाही. बापूंनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेले. त्यानंतरचे रविवार आमच्याकडं शांत गेले. पेपर यायचा, पण मोठ्यानं कुणी वाचत नव्हतं.

तरीही स्पितीला जायचं ठरलं, कारण तो बेत फार जुना होता. दोघंही साठीच्या पुढं गेलेले, आता नाही तर कधीच नाही, असं बापूच म्हणाले होते. वाटेत दोघं नीट बोलायचे, एकमेकांसाठी थांबायचे. फक्त गाड्यांचा विषय निघाला की बापूंच्या बोलण्याला धार यायची.

त्या दिवशी काझाहून निघून आम्ही लोसरला पोचलो. कुंझुम खिंडीच्या अलीकडचं ते शेवटचं गाव. मटार काढायचे दिवस होते. शेतांत बायका ओळीनं बसून शेंगा तोडत होत्या आणि रस्त्याकडेला मटारची पोती भरलेल्या पिकअप उभ्या होत्या. तिथं चहा घेतला. चहावाल्यानं आकाशाकडं बघून सांगितलं, दुपारनंतर वर हवा बिघडते, जायचं तर लवकर जा. आम्ही निघालो.

गाव मागं पडल्यावर रस्ता म्हणजे नुसते दगड आणि माती. वारा समोरून यायचा. थोड्या वेळानं यांनी आरशात बघितलं आणि गाडी थांबवली.

"बापू दिसत नाही."

आम्ही गाडी वळवून मागं आलो. एका वळणावर बापूंची गाडी कडेला उभी होती आणि बापू खालून चालत येत होते, हातात लोंबकळणारी चेन घेऊन. ते पडले नव्हते. एवढ्यानंच माझा जीव भांड्यात पडला.

"लॉक उडालं," बापू म्हणाले. "बाकी चेन शाबूत आहे." त्यांनी पिशवीतून एक छोटी पुडी काढली. त्यात जोडायची एक कडी, तिची पट्टी आणि दोन चेन लॉक होते. लॉक म्हणजे करंगळीच्या नखाएवढी पोलादी चिमटी. ती कडीवर बसली की चेन धरून राहते. "घे यशा. तुझं काय, पाच मिनिटांचं काम."

यांनी पुडी घेतली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "जरा थांबू. एखादी गाडी येईल."

"गाडी येऊन काय करणार?"

"लोसरला नेऊन करू ना. इथं वाऱ्यात कशाला?"

"नेणार कशी?"

"उतार आहे. इंजिन बंद ठेवून जाईल. सपाटीला मी दोरीनं ओढीन."

बापू त्यांच्याकडं बघत राहिले. वर खिंडीच्या बाजूला ढग खाली उतरायला लागले होते आणि वाऱ्यातून साबुदाण्यासारखे बर्फाचे दाणे यायला लागले होते.

"दोरीनं ओढणार," बापू सावकाश म्हणाले. "चेन माझ्या हातात आहे, लॉक माझ्या हातात आहे, तू समोर आहेस, आणि तू मला दोरीनं ओढत नेणार."

"बापू, तसं नाही."

"मग कसं ते सांग. दीड वर्ष तू माझ्या गाडीला हात लावलेला नाहीस. मोठी गाडी घेतलीस, चांगलं झालं, तुझी ऐपत आहे. पण माझ्या गाडीला हात लावायचीसुद्धा तुला लाज वाटत असेल तर ते इथं, वहिनींसमोर बोल. मी एकटा चालत लोसरला जातो."

मी बापूंना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज मात्र चढला नव्हता.

 यांनी हातमोजे काढले, ते खिशात ठेवले आणि गाडीच्या मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसले. मलाही खाली बोलावलं. चेन पुढच्या चक्रावरून ओढून घेतली आणि तिची दोन्ही टोकं मागच्या चक्राच्या दातांवर शेजारीशेजारी बसवली. "इथं धर. दात टोकांना हलू देत नाहीत," ते मला म्हणाले. मी धरलं. त्यांनी जोडकडी दोन्ही टोकांतून आरपार घातली. ती बोटांनी न ढकलता तळव्यानं ढकलली. मग वरची पट्टी ठेवली, तीही तळव्यानंच दाबली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला त्यातलं कळत नव्हतं.

मग त्यांनी पुडीतून एक लॉक उचलायला घेतलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत पकडलं, हात चेनपर्यंत नेला, आणि वाटेतच ते पडलं. दगडमातीत कुठं गेलं ते दिसलंही नाही.

पण यांचा हात थांबला नाही. ते तशीच चिमटी करून वाकले, कडीवर नेमक्या जागी बोटं नेली आणि दाबायला लागले. नेटानं दाबत होते, मान जरा तिरकी करून, जशी नेहमी करायचे. चिमटीत काही नव्हतं. त्यांना ते कळलं नव्हतं.

मी बापूंकडं बघितलं. बापूंनीही ते पाहिलं होतं.

"यशा," बापू म्हणाले.

"थांब, बसतंय."

"यशा, पडलंय ते."

यांनी बोटं डोळ्यांसमोर धरली. चिमटी उघडली. तेव्हा मी त्या बोटांकडं नीट पाहिलं. दोन्ही हातांची, अंगठे सोडून, बाकीची बोटं मधल्या पेरांपासून टोकापर्यंत खडूसारखी पांढरी पडली होती. कुठं पांढरं संपतं आणि कुठं कातडीचा रंग सुरू होतो, ते रेघ मारल्यासारखं दिसत होतं. मी चेन सोडून त्यांचा हात हातात घेतला. तो माझ्या हातापेक्षा कितीतरी गार होता. मी त्यांच्या बोटाच्या टोकाला चिमटा काढला.

"लागतंय?"

"काय?"

"मी चिमटा काढतेय."

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "थंडीनं होतं. गरम केले की येतात परत. पूर्ण नाही येत, पण येतात."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा एकच बोट असं व्हायचं. मग बाकीची."

मग हळूहळू बाहेर आलं. कारखाना नवा होता तेव्हा वर्षानुवर्षं हे स्वतः हातात ग्राइंडर धरून ओतकाम साफ करायचे, माणसं ठेवण्याआधी. त्या थरथरीनं बोटांच्या शिरा आणि नसा गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, असेल ते सांभाळा. थरथर टाळा आणि गारठा टाळा. आमच्या कोल्हापुरात बोटं पांढरी पडण्याइतकी थंडी वर्षातून थोडे दिवस, ती हातमोज्यांत लपली. पण बोटांतली जाणीव बाराही महिने कमी होत होती. हे बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले होते, शेंगा सोलायच्या टाळत होते. मी म्हणायचे, वय झालं की माणूस आळशी होतो.

"म्हणून ती गाडी?" बापूंनी विचारलं.

"जुन्या गाडीची धडधड हातात यायची. हिचं इंजिन मऊ आहे. हँडल गरम राहतं." जरा थांबून ते म्हणाले, "आणि हिला चेन नाही. चेन असती तर रविवारी तुझ्यासमोर बसावं लागलं असतं."

वारा वाढला होता. बापू उभेच होते.   त्यांनी पुडीतलं उरलेलं लॉक तळहातावर घेतलं, यांच्या शेजारी गुडघे टेकले आणि म्हणाले, "सांग."

"तुला नाही जमायचं, बापू. एकच उरलंय."

"ते मला दिसतंय. तू सांग."

मी यांचे दोन्ही हात माझ्या जॅकेटच्या आत, काखेत घेतले. आम्ही दोघं असे चिकटून गुडघ्यांवर बसलो होतो आणि हे मान लांब करून बापूंना सांगत होते.

"उघडं तोंड कुठल्या बाजूला आहे? चाक पुढं फिरतं ना, त्याच्या उलट्या बाजूला उघडं तोंड यायला पाहिजे. बंद बाजू पुढं. नाही तर दगड लागला की निघून येईल."

"असं?"

"उलटं. हां, असं. आता खाचेत ठेव. दोन्ही खिळ्यांच्या खाचा दिसतायत? पट्टी पूर्ण आत गेलेली नसेल तर खाच दिसणार नाही."

"एक दिसतेय."

"मग पट्टी अजून दाब. पक्कडीनं. घाई करू नको."

बापूंची बोटं जाड. त्यांचा श्वास त्या उंचीवर आधीच फुलला होता. ते एकदा थांबले, हात पुसले, पुन्हा बसले.  मग टिक असा बारीक आवाज आला.

"ऐकलंस?" हे म्हणाले.

"ऐकलं."

"बसलं. आता चाक फिरवून बघ."

चाक फिरलं. चेन त्यावरून सुरळीत गेली. बापूंनी ती वरखाली करून ताण पाहिला, तो पाहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"चला," हे हातमोजे चढवत म्हणाले. "ढग पुरते उतरायच्या आत खिंड पार करू."

"मी वर येणार नाही," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी कधी वाटेत नाही म्हटलं नव्हतं.

"हँडल गरम आहे गं. गाडीवर काही होत नाही," हे म्हणाले. "तुला भीती वाटत असेल तर बापूच्या मागं बस."

"मी खाली लोसरला जाणार. तुमच्याच मागं बसून जाणार. पण वर येणार नाही."

 मग त्यांनी गाडी वळवली.

त्या उतारावर मला पहिल्यांदा कळलं की हे गाडी कशी चालवतात. पुढच्या ब्रेकला ते हात लावतच नव्हते. सगळं पायाच्या ब्रेकवर आणि गिअरवर. वळण यायच्या खूप आधी वेग उतरवायचे. गेलं दीड वर्ष मला वाटत होतं, मी मागं आहे म्हणून ते जपून चालवतात. मी त्यांच्या कमरेला धरलं होतं, आणि मला त्यांचा राग येत होता, आणि त्याच वेळी त्यांना सोडावंसंही वाटत नव्हतं.

लोसरला डोल्मा नावाच्या बाईंकडं राहायला जागा मिळाली. त्यांच्या स्वयंपाकघरात मधोमध लोखंडी शेगडी पेटलेली होती. त्यांनी यांचे हात बघितले, काही न विचारता कोमट पाण्याचं पातेलं समोर ठेवलं. रंग परत यायला लागला तसं दुखायला लागलं. हे ओठ मिटून बसले. बापू जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, कांदा-बटाटाही खात नाहीत. मी ते डोल्माबाईंना समजावून सांगितलं, तर त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून ताज्या मटारची भाजी आणि रोट्या आधी केल्या, आणि उजेड आहे तोवर आम्ही तिघं जेवलो. बापूंनी रोटीचे तुकडे करून यांच्या ताटात ठेवले. यांनी ते खाल्ले.

जेवण झाल्यावर बापू म्हणाले, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कुठं गेला असतास का? माझ्याशिवाय? सांगलीच्या पुढं गेला नसतास."

"नसतो गेलो. मग?"

"म्हणून."

"आणि 'तुझी तू कर, शिक आता' म्हणालास ते?"

"शिकलास की." यांनी पातेल्यातले हात जरा हलवले. "चांगलं घासतोस. रोज बघतो मी. खालच्या बाजूला जरा कमी पडतं."

बापूंनी चष्मा काढला आणि उपरण्यासारख्या गुंडाळलेल्या मफलरनं बराच वेळ पुसला.

"मी लोकांना सांगत फिरलो," ते म्हणाले, "की यशाला पैशाची हवा लागली."

"कळलं होतं मला."

"काही बोलला नाहीस."

"बरं पडत होतं ते. हातांबद्दल कुणी विचारत नव्हतं."

 "आणि मी?" मी विचारलं. "मी मागं बसत होते."

"पायाचा ब्रेक चांगला आहे तिचा. आणि शाफ्टला…"

"मला ब्रेकचं सांगू नका. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"थरथर नको आणि थंडी नको."

"मग आपण कुठं आलोय?"

बापूंना हसू आलं. यांनाही आलं. मला आलं नाही.  "मला सांगितलं असतंत तर मी थांबवलं असतं."

"हो. तू थांबवलं असतंस," हे म्हणाले. "अजून एकदा जायचं होतं."

 मी पातेल्यातलं पाणी गार झालं होतं ते बदलून आणलं.

सकाळी आकाश अगदी स्वच्छ होतं. खिंडीच्या वाटेवर ताजं बर्फ पातळसं दिसत होतं. चहाच्या वेळी यांनी खिशातून मोठ्या गाडीची किल्ली काढली आणि बापूंच्या पेल्याशेजारी ठेवली. ठेवली म्हणजे तळव्यावरून सरकवली. कुणी मागितली नव्हती.

बापूंनी किल्लीकडं बघितलं. दीड वर्षात ते त्या गाडीवर एकदाही बसले नव्हते. "मला ही गाडी येत नाही," ते म्हणाले.

"मी मागं बसून सांगतो."

"आणि माझी?"

डोल्माबाईंचा भाऊ नोरबू मटारची पोती घेऊन खिंडीपलीकडं मनालीला निघाला होता. त्यानं पिकअपमध्ये पोती सारून जागा केली. चौघांनी मिळून बापूंची गाडी वर चढवली आणि दोरांनी आवळून बांधली. बापूंनी प्रत्येक दोर स्वतः ओढून बघितला. मी नोरबूशेजारी पुढं बसले.

यांनी त्यानंतर कधी गाडी चालवली नाही. पुढं ती मोठी गाडी बापूंच्या दारात गेली, तिच्यावर दोघं अजून दोन सफरी करून आले. मी घरी राहिले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता दोघांचीही वयं झालीत. पण त्या सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. किल्ली देताना यांचा चेहरा कसा होता ते मी बघितलं नाही. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

बापूंनी गाडी सुरू केली आणि जोरात मूठ पिळली. गाडी मागून उचलल्यासारखी झाली.

"अरे, ही उचलते की मागून," बापू ओरडले.

"शाफ्ट आहे. उचलणारच. एकदम पिळू नकोस, हळू सोड."

ते पुढं आणि आमची पिकअप मागं. सुरुवातीला बापू गाडी अशी चालवत होते की जणू ती दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि ओरखडा उठला तर भरून द्यावा लागेल. हे मागं ताठ बसले होते, दोन्ही हात पाठीमागच्या दांडीवर ठेवून. आयुष्यात ते कुणाच्या मागं बसलेले मी पाहिले नव्हते. मागं बसणाऱ्यानं वळणावर चालवणाऱ्याबरोबर झुकायचं असतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते मात्र झुकत नव्हते. प्रत्येक वळणाला दोघांचे खांदे वेगवेगळ्या बाजूला जायचे आणि गाडी डगमगायची. नोरबू हसून म्हणाला, "हे दोघं भांडलेत का?"

"भांडले होते," मी म्हणाले.

चढ वाढला. कालचं वळण मागं गेलं, मला ते ओळखूही आलं नाही. सावलीतल्या भागात रस्त्याकडेला बर्फ होतं आणि काचेच्या फटीतून येणारी हवा नाकाला झोंबत होती. पुढं ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. बापूंनी गाडी अगदी हळू केली. यांनी दांडी सोडली. हात थोडा वेळ तसेच मांडीवर राहिले, काय करावं हे न सुचल्यासारखे. गाडी पाण्यात उतरली, दगडावर चढून हलली, आणि तेव्हा यांनी पुढं सरकून दोन्ही हात बापूंच्या जॅकेटच्या खिशांत घातले. बापूंनी मान वळवली नाही. फक्त दोन्ही कोपरं जरा बाहेर केली, जागा द्यावी तशी. पलीकडं चढून गाडी वळणाला लागली, आणि दोघं एकाच बाजूला झुकले.